सनस्क्रीनवर क्वेरी

सहदेव वारंगांना गोरं व्हायचं नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. जोगेश्वरी पूर्वेच्या सातेरी सोसायटीत आजही असा समज आहे की बायको जानकी गेल्यावर, साठी उलटल्यावर, वारंगांनी तोंडाला पांढरं फासून पुन्हा बोहल्यावर चढायची तयारी चालवली होती. सोसायटीच्या समजांवर अपील नसतं.

मूळ कारण इतकंच की वारंग भर दुपारी चालायला जात. शहाणी माणसं सकाळी चालतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सकाळ तशी भरलेली असते. दूध येतं, पेपर येतो, पाणी येतं, पाणी जातं. संध्याकाळी खाली चार माणसं दिसतात. एकट्या माणसाच्या घरात खरी अडचण होते ती दुपारची. एक ताट, एक वाटी घासून झाली की दुपार जी सुरू होते ती हटता हटत नाही. फ्रिज मध्येच घुरघुरतो आणि गप्प होतो. तो गप्प झाला की वारंगांना उगाच वाटे, आपलंच काही चुकलं. मग ते चपला घालून उन्हातून थेट जोगेश्वरीच्या गुंफेपर्यंत जात, आतल्या गारव्याला जरा टेकत आणि आले तसे परत येत. जानकी असती तर तिने असं जाऊ दिलं नसतं. पण जानकी असती तर ते गेलेही नसते.

या चालण्याचा परिणाम तोंडावर दिसू लागला आणि तो दिसला ब्रिस्बेनला. त्यांची मुलगी प्रांजल तिथे पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. दर रविवारी ती फोन करी, चेहरा दाखवून.

"बाबा, तोंड बघ तुझं. तव्यासारखं झालंय."

"फोनचा कॅमेरा जुना आहे."

"जुन्या कॅमेऱ्यात माणूस जुना दिसतो रे. भाजलेला नाही दिसत."

आणि तिने पार्ल्याच्या एका मैत्रिणीच्या आईबरोबर सनस्क्रीनची ट्यूब धाडली. वारंग ती आणायला पार्ल्यापर्यंत जाऊन आले, तेही दुपारच्या उन्हात, आणि उरलेसुरले गालही भाजून घेतले.

इथे त्या रविवारच्या फोनबद्दल सांगायला हवं. तो फोन म्हणजे काही फार मोठा संवाद नसे. "जेवलास?" "हो. तू?" "हो." "आणि काय?" "काही नाही. तुझं?" "काही नाही." मग दोघं एकमेकांकडे बघत बसत, आणि फोन ठेवायचं आधी कोणी म्हणायचं याची सभ्यपणे वाट पाहत. अखेर प्रांजल म्हणे, "चल मग," आणि पडदा काळा होई. त्या काळ्या पडद्यात वारंगांना स्वतःचं तोंड दिसे, तेही फार जवळून.

आता वारंगांचा पेशा. त्यांनी उभा जन्म एका विमा कंपनीच्या दावा खात्यात काढला होता. त्या खात्याचा एक शब्द आहे, क्वेरी. आलेल्या दाव्यात काहीतरी खुसपट काढून ते कागदावर उतरवायचं, याला क्वेरी काढणं म्हणतात. क्वेरी निघाली की फाइल जिवंत राहते. पत्रं येतात, माणसं येतात, कोणी चहा पाजतं, कोणी भांडतं. क्वेरी सुटली की फाइल बंद, आणि बंद फाइलकडे पुन्हा कोणी वळून बघत नाही. वारंगांच्या क्वेऱ्या वर्षानुवर्षं सुटत नसत. निरोप समारंभात साहेबांनी याचा उल्लेख केला होता. स्तुती म्हणून केला होता की काय, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा माणसाच्या हाती ट्यूब आली. सामान्य माणूस ट्यूबचं झाकण उघडतो. वारंगांनी भिंग काढलं आणि ट्यूबची पाठ वाचली. ऑक्टोक्रिलीन, होमोसॅलेट, ब्युटिल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन. नावं तर परदेशी हॉकी संघातल्या खेळाडूंसारखी होती. त्यांनी ती रविवारी प्रांजलला मोठ्याने वाचून दाखवली.

"शेवटचं म्हणजे अ‍ॅव्होबेन्झोन, बाबा. तेच आहे ते. ही सगळी ऊन शोषून घेणारी केमिकल्स असतात. फिल्टर म्हणतात."

"तेच आहे, तर नाव दुसरं का?"

"एक रसायनशास्त्रातलं नाव, एक बाजारातलं."

वारंगांचे कान टवकारले. एकाच इसमाची दोन नावं! दावा खात्यात असलं प्रकरण आलं की जेवणाची सुट्टी पुढे ढकलत. "मग ही दोन नावं एकाच इसमाची, याचा पुरावा काय?"

प्रांजल हसली. मग तिने समजावून सांगितलं. कागदावर षटकोन काढून दाखवले, एक किरण येतो कसा, तो रेणू त्याला गिळतो कसा, त्याची नुसती ऊब करून सोडून देतो कसा. वारंगांना त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. पण फोन संपला तेव्हा कुकर गॅसवर तसाच राहिला होता, आणि डाळीचा पार कोळसा झाला होता. इतका लांब फोन जानकीच्या दिवसकार्यानंतर पहिल्यांदाच झाला होता.

करपलेली डाळ खाताना वारंगांच्या ध्यानात आलं की फाइल उघडली आहे.

पुढच्या रविवारी त्यांनी रक्ताची क्वेरी काढली. ही त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या सुबोध वाघमाऱ्यांनी पुरवली. सुबोध महापालिकेतून निवृत्त झालेले. सकाळी मोबाइलवर जे येईल ते संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीत पोचवायचं, हे व्रत त्यांनी घेतलं होतं.

"वारंग, तू ते तोंडाला लावतोस ना, ते थेट रक्तात उतरतं. अमेरिकेत तपासलंय म्हणे. आणि हार्मोन्सची पार वाट लागते, यार."

"माझ्या हार्मोन्सची आता वाट लागून लागून किती लागणार?"

"तसं नाही रे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

प्रांजलने तोही प्रश्न गंभीरपणे घेतला. "रक्तात सापडतात, हे खरंय बाबा. पण सापडणं वेगळं आणि बाधणं वेगळं. काहींबद्दल अजून तपास चालू आहे, ऑक्सिबेन्झोन नावाच्या फिल्टरवर तर जास्तच प्रश्न आहेत. म्हणून तर तुझ्या ट्यूबमध्ये ते नाहीये, मी बघून घेतली. उन्हाने मात्र कातडीचं काय होतं याबद्दल कोणालाच शंका नाही. तू लावतोयस ना?"

"तपास चालू असताना दावा मंजूर करत नाहीत."

त्याच्या पुढच्या रविवारी प्रवाळ आले. काही देशांनी समुद्रातल्या प्रवाळांना त्रास होतो म्हणून असल्या काही क्रीमांवर बंदी घातली आहे, असं वारंगांनी वाचलं होतं.

"बाबा, तू जोगेश्वरीत राहतोस. समुद्रात शेवटचा कधी उतरलास?"

"विसर्जनाला."

"घोट्यापर्यंत."

"घोट्याला लावलं असतं तर?"

असे ते रविवार गेले. वारंग आठवडाभर क्वेरी शोधत. भिंग, मोबाइल आणि सुबोध अशा तिन्ही साधनांनी ते इतके गुंतून गेले की काही दुपारी चालायला जायचंही विसरत, आणि त्यामुळे तोंड जरा निवळलं. सनस्क्रीनचा हा गुण कुठल्याही ट्यूबवर छापलेला नसतो.

क्वेरीला सरकारी शिक्का मिळाला तर ती आणखी टिकेल, या विचाराने ते एकदा एका सरकारी कार्यालयातही गेले. पहिल्या खिडकीतल्या बाईंनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली.

"हे औषध नाही, काका. सौंदर्यप्रसाधनात येतं. वर जा."

सौंदर्यप्रसाधन हातात घेऊन जिने चढताना वारंगांना आपले गुडघे जास्तच वाजताहेत असं वाटलं. वरच्या बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही वापरता?"

"अजून नाही. त्याचाच प्रश्न आहे."

"म्हणजे पुरळ वगैरे काही आलं?"

"न वापरता कसं येईल?"

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही हो. शंका आहे."

बाईंनी ट्यूब परत केली. तशा त्या मायाळू होत्या. "काका, तक्रारीची खिडकी आहे. शंकेची खिडकी नाही आमच्याकडे. घरी कोणाला तरी विचारा ना."

वारंग "बरं" म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी उसाचा रस प्यायला, आणि तो अर्धवट टाकून दिला.

आणि मग व्हायचं ते झालं. प्रांजलने क्वेरी सोडवली.

"बाबा, मी विचार केला. तुला केमिकल फिल्टर नकोच आहेत ना? सोप्पं आहे. झिंक ऑक्साइडवालं घे, मिनरल असतं. ते कातडीवरच बसतं, रक्तात जवळजवळ उतरत नाही, सुरक्षित म्हणून मान्य झालंय. कुठल्याही केमिस्टकडे मिळेल. विषय संपला."

"संपला?"

"हो! आधीच सुचायला हवं होतं मला. आणि ऐक, पुढच्या रविवारी आम्ही सगळे समुद्रावर चाललोय, फोन नाही होणार. आता काही शंका नाहीत ना?"

दावा खात्यातला अनुभव असा की निकाल तोंडावर फेकला जातो तेव्हा अनुभवी माणसालासुद्धा ऐन वेळी काही सुचत नाही. "नाहीत," वारंग म्हणाले. पडदा काळा झाला.

केमिस्टकडे झिंकची ट्यूब होती. मुकाट्याने ती आणून लावली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तयार ट्यूब आणणं म्हणजे निकालावर सही करणं. त्यांनी सुबोधना सहज म्हणून विचारलं, झिंक ऑक्साइड म्हणजे नक्की काय?

"सफेदा रे! रंगारी वापरतात तो. घरच्या घरी खोबरेलात कालवायचा, झाली तुझी सनस्क्रीन. एकदम झकास, नॅचरल."

सफेदा म्हटल्यावर वारंगांना तळमजल्यावरच्या शेवंतीमावशी आठवल्या. मावशी त्यांच्याच गावच्या. वारंगांचे वडील गिरणीत होते, आणि सुट्टी मिळाली की गावच्या मंडळाच्या दशावतारात राजा होत. मावशींचे यजमान त्या मंडळींची तोंडं रंगवायचे. त्यांची रंगपेटी अजून मावशींच्या माळ्यावर होती, कारण नवऱ्याची पेटी टाकायची कशी आणि उघडायची कशाला, हे दोन्ही प्रश्न मावशींना सुटले नव्हते.

"सफेदो? आसा मा," मावशी म्हणाल्या. "पण तुका कित्याक व्हयो? ह्या वयात पार्ट करतलंस?"

"उन्हासाठी, मावशी."

"उन्हाक माणसा टोपी घालतत, रे."

वारंगांनी डबी घेतली.

रविवारी दुपारी, म्हणजे ज्या रविवारी फोन येणार नव्हता त्या दुपारी, त्यांनी सफेदा खोबरेलात कालवला आणि आरशासमोर उभे राहून तोंडाला लावला. पहिला थर फिकट आला म्हणून दुसरा दिला. दुसऱ्याने भुवया गेल्या. मग आरशातून जे तोंड त्यांच्याकडे बघू लागलं ते त्यांचं नव्हतं. गॅसबत्तीच्या उजेडात, गिरणीतली खाकी चड्डी सोडून जरीचा अंगरखा चढवण्याआधी, वडील क्षणभर असे उघडे बसलेले असायचे. नुसतं पांढरं तोंड. अजून राजा झालेला नाही आणि कामगार उरलेला नाही. लहानपणी वारंगांना त्या तोंडाची भीती वाटे, कारण ते ओळख दाखवत नसे.

त्यांनी आरशाला उगाच मान डोलावली आणि बाहेर पडले.

जिन्यात भेटलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या श्रुतिकाबाईंनी किंचाळून हातातली भाजीची पिशवी सोडली. सहा टोमॅटो तळमजल्यापर्यंत गेले. त्यांच्या मागून वारंग "अहो, मी वारंग, मी वारंग" करत उतरले. वॉचमनने "किसको मिलना है?" विचारलं. अकरा वर्षं ज्याला रोज नमस्कार केला त्याने असं विचारावं, हे वारंगांच्या जिव्हारी लागलं. गलका ऐकून शेवंतीमावशी दारात आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"मेल्या, ह्या काय सोंग काढलंस?" आणि मग एकदम मवाळ आवाजात, "अगदी बापाशीसारखो दिसतंस, रे. तो असोच दिसायचो."

सुबोधनी एव्हाना फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आमचे वारंगसाहेब. नैसर्गिक सनस्क्रीन.'

आता फ्लॅटवर प्रांजलचंही नाव असल्यामुळे ती ब्रिस्बेनहून त्या ग्रुपवर होती. टँकर किती वाजता येणार, लिफ्ट कधी बंद, सी विंगमध्ये कोणाचं कुत्रं काय करून गेलं, हे सगळं ती तिकडे निमूट वाचत असे. ग्रुप सोडायला तिला कोणी बंदी केली नव्हती. तिने सोडला नव्हता.

वारंग गेटपर्यंत पोचायच्या आत फोन वाजला. पडद्यावर वारा, मोठं आकाश आणि मध्ये प्रांजल.

"बाबा! काय लावलंयस तोंडाला?"

"झिंक ऑक्साइड. तूच म्हणालीस."

"कुठून आणलंस?"

"शेवंतीमावशीच्या माळ्यावरून. सफेदा. खोबरेलात कालवला, सुबोध म्हणाला तसा."

प्रांजलने फोन अगदी तोंडाजवळ आणला. मग ती हळू म्हणाली, "बाबा, सफेदा म्हणजे झिंकच असं नसतं. शिशाचाही सफेदा असतो. जुन्या डबीत काय असेल कोण जाणे. शिसं असू शकतं त्यात."

"शिसं?"

खरं सांगायचं तर वारंगांच्या मनात आधी भीती आली नाही. आधी आला तो आदर. शिसं! सबंध नोकरीत इतकी भरभक्कम क्वेरी त्यांच्या हातून निघाली नव्हती.

"धू. आत्ताच्या आत्ता. आणि फोन ठेवू नकोस, मी बघत्येय. हात आधी धू. तोंडात जाऊ देऊ नकोस."

वारंग आले तसे वर गेले. फोन बेसिनवर, साबणाच्या डबीला टेकवून ठेवला. खोबरेल पाण्याला दाद देईना. ब्रिस्बेनहून हुकूम येत राहिले. "साबण अजून घे. कानामागे. भुवईत राहिलंय. डावीकडे. माझ्या नाही रे, तुझ्या डावीकडे." मागून कोणीतरी तिला बोलावत होतं, तिने हाताने थांबवलं. "खोबरेलात कालवलेल्याने ऊन अडतं की नाही हे मोजणार कोण होतं, सुबोधकाका? केमिकल नको म्हणून माळ्यावरचा रंग फासलास! आता मागे वळ. मानेवर ओघळ गेलेत का बघू."

वारंग वळले.



"बाबा," प्रांजल म्हणाली, "मान किती जळलीये तुझी. सालपटं निघतायत. तिथं काहीच लावत नाहीस तू?"

"लावतो की."

"बाबा."

"हात पोचत नाही गं नीट," वारंग भिंतीवरच्या टाइल्सना म्हणाले. "म्हणजे पोचतो, पण दिसत नाही. आणि सांगायचं तरी कोणाला?"

नळ तसाच चालू होता. त्यांनी तो बंद केला. तेव्हा घर एकदम इतकं गप्प झालं की पलीकडचा समुद्र स्पष्ट ऐकू आला.

"तुझ्या त्या सगळ्या शंका..." प्रांजलने सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य गिळलं.

वारंग वळले नाहीत. दावा खात्यात खोटा दावा पकडला गेला की समोरचा माणूस असाच पाठ करून उभा राहतो, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. आपण त्या माणसांना निदान खुर्ची तरी द्यायला हवी होती, असं त्यांना या क्षणी वाटलं.

"बाबा, ऐकतोयस?"

"हो."

"टायटॅनियम डायऑक्साइडचं काय?"

"त्याचं काय?"

"झिंकसारखंच असतं ते पण. त्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. मला वाटलं होतं मागच्याच रविवारी काढशील. मी वाचूनसुद्धा ठेवलं होतं."

वारंग सावकाश वळले. चेहऱ्यावर अजून कुठे कुठे पांढरं राहिलं होतं. "मोठं प्रकरण आहे?"

"खूप. त्याच्या अगदी बारीक कणांवर केवढा वाद चालू आहे. एका रविवारी नाही व्हायचं." ती नाक ओढत म्हणाली. वारा होता तिकडे. "तोवर मी पाठवलेली ट्यूब लाव. मानेलासुद्धा. कशीही लाव. पुढच्या रविवारी मला मान दाखवायची आहे."

"तपास चालू असताना..."

"बाबा!"

"बरं."

"चल मग," ती म्हणाली. पण पडदा लगेच काळा झाला नाही. काही वेळ नुसतं आकाश दिसत होतं. फोन बंद करायला ती विसरली असावी. वारंगांनीही तो बंद केला नाही.

संध्याकाळी त्यांनी भिंगाशिवाय ट्यूब उघडली. मानेपर्यंत जाईल असं काय आहे, याचा स्वयंपाकघरात शोध घेतला आणि जानकीचं लाकडी उलथनं काढलं. त्याच्या पात्यावर क्रीम घेऊन त्यांनी अंदाजाने ते मागे फिरवलं. बरंचसं शर्टाच्या कॉलरला लागलं. थोडं मानेलाही लागलं असावं. खात्री करून घ्यायची तर रविवारपर्यंत थांबणं भाग होतं.